उमाठेंना दम लागू नये म्हणून

नागपुरात ज्याच्या खिशात चुन्याची डबी, त्याच्याजवळ तंबाखूही असणार, असे धरून चालायला हरकत नसते. आमच्या कचेरीत नव्याने आलेली माणसे तसेच धरून चालत आणि लांजेवारजींपुढे तळहात पसरत. लांजेवारजी शांतपणे पितळी डबी काढत, झाकण उघडत. आत ताजा, ओला चुना. माणूस वाट पाहत राही.

"तंबाखू?"

"तंबाखू मी खात नाही."

"मंग चुना कायले ठेवता जी?"

"खुणा कराले."

एवढे बोलून डबी पुन्हा खिशात जाई. खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पुडी कोणी जवळ सोडली, तरी ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहत. पण चुन्यावाचून त्यांचे पान हलत नसे. झाडूवाली टेबल सरकवते म्हणून टेबलाच्या चारी पायांभोवती फरशीवर चुन्याच्या रेघा होत्या. खुर्चीच्या पायांनाही होत्या. चहाचा कप कुठे ठेवायचा तेही टेबलावर आखलेले होते, आणि चहावाल्याने कप रेघेबाहेर ठेवला तर ते तो उचलून रेघेत ठेवत आणि मगच पीत.

हा छंद कचेरीपुरता असता तर गोष्ट वेगळी. एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही वऱ्हाडात गेलो होतो. जानवशापासून संडास जरा लांब, दोन गल्ल्या ओलांडून होता. लांजेवारजींनी पहाटे जाऊन येता-येता भिंतींवर बाण काढून ठेवले, मागच्यांची सोय म्हणून. संध्याकाळी वरात निघाली. पुढच्या बँडवाल्यांना वाटले, मुलीकडच्यांनी मांडवाचा रस्ता दाखवला आहे. नवरदेव घोड्यावर, पुढे नाचणारी पोरे, मागे बाया, अशी सगळी वरात वाजतगाजत त्या संडासाच्या दारात जाऊन थांबली. आतल्या माणसाचे काय झाले असेल ते असो. लांजेवारजींना यात स्वतःची चूक काही दिसली नाही. "बाण बरोबरच होते," ते म्हणाले. "कोणी विचारलं का, कशाचे हायेत म्हणून?"

आम्ही दोघे पाटबंधारे खात्यात. मी कारकून, ते ड्राफ्ट्समन. म्हणजे साहेबांच्या मनातला कालवा कागदावर उतरवणारा माणूस. या धंद्याने त्यांना एक खोड लावली होती. चूक त्यांना सोसवत नसे. स्वतःची नाही, दुसऱ्याची तर नाहीच नाही. साहेब म्हणाले, "सीताबर्डीहून सरळ इकडे आलो," तर हे मान वर करून म्हणत, "सरळ नाही साहेब. मधात दोनदा वळते." एका सहकाऱ्याचे वडील वारले. घाटावर एक गृहस्थ भाषण करत होते. गावात त्यांच्याएवढा उंचापुरा माणूस दुसरा झाला नाही, असे म्हणाले. मागून आवाज आला, "होता. तुमच्याच गावचे देवघरे मास्तर." लोकांनी वळून पाहिले. लांजेवारजी हात जोडून, डोळे मिटून उभे होते. परतताना मी म्हटले, "अहो, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात असं. गोड मानून घ्यायचं."

"गेलेल्याबद्दल असलं म्हणून काय झालं बाप्पा? चूक ते चूकच."

तेव्हापासून दुःखाच्या प्रसंगी त्यांना शक्यतो मागच्या रांगेत उभे करायचे, अशी पद्धत पडली.

आता टेकडीबद्दल. काटोल रस्त्याने एसटीने बरेच पुढे गेले की खैरडोहचा फाटा लागतो. फाट्यापासून आत गाव, आणि गावाच्या मागे राखीव जंगलातली टेकडी. काळा खडक, सालई आणि धावड्याची झाडे, मोठमोठाल्या शिळा एकमेकींवर रेललेल्या, मधून कधी मोर ओरडतो, कधी रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप दगड घरंगळवत पळतो. आमच्या कचेरीतली पाच-सहा माणसे हिवाळ्यातल्या रविवारी तिथे फिरायला जात. घरोघरी टीव्ही यायचे होते, आणि रविवारी घरी थांबले तर बायको पंखे पुसायला लावी. म्हणून आम्ही निसर्गप्रेमी होतो.

वर जायला गुराख्यांची एक वाट होती. नाकासमोर चढायची, अर्ध्या तासात माथा. लांजेवारजींना ती नामंजूर होती.

"हे वाट शेळ्यांनी काढली हाये," ते म्हणाले. "शेळ्यांनीच जा. आपण वळशानं जाऊ."

कालवा कधी डोंगराशी भांडत नाही, त्याच्या अंगाअंगाने जातो, हे त्यांचे आवडते तत्त्व. त्याच तत्त्वाने त्यांनी टेकडीवर एक वाट काढायला घेतली. प्रत्येक वळणावर शिळेवर चुन्याचा बाण. चढ इतका हलका की चढतो आहोत हे कळू नये. हा वळसा रविवारमागून रविवार लांबत गेला आणि माथा आमच्यापासून दूरच राहिला. दोन हिवाळे आम्ही टेकडीवर जात होतो आणि एकदाही टेकडीवर पोचलो नव्हतो. बायका विचारत, वरून काय दिसतं? आम्ही विषय बदलत असू.

यात मुख्य भूमिका उमाठेंची. उमाठे आमचे हेडक्लार्क. शरीराने भरगच्च, श्वासाने तोकडे, कचेरीच्या जिन्यात दोनदा थांबणारे. असा माणूस डोंगराच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही, पण लांजेवारजी त्यांना दर रविवारी आग्रहाने घेऊन जात. आमिष होते लांजेवारजींच्या घरच्या डब्याचे. त्यात सांबारवड्या असत. कोथिंबीर ठासून भरलेल्या, वर खसखस. डबा परतीच्या आधी उघडत नसे.

उमाठेंनी सर्वांच्या पुढे चालायचे आणि चालताना मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायचा, अशी अट होती. पाढा अखंड चालला तर वाट बरोबर. मध्ये श्वास तुटला की लांजेवारजी हात वर करत.

"थांबा! कुठं तुटला?"

"सत्त्याऐंशी..." उमाठे शिळेला धरून म्हणत.

मग त्या टप्प्यावरचे बाण ओल्या फडक्याने पुसले जात आणि पुढच्या रविवारी तिथे आणखी एक वळसा निघे. उमाठेही काही कमी नव्हते. डबा लवकर उघडावा म्हणून ते दम लागला तरी दडपून पाढा रेटत. लांजेवारजी त्यांच्या मागे कान लावून चालत. "खोटं बोलून राहिले उमाठे," ते म्हणत. "नाकातून शिटी वाजून राहिली तुमच्या."

आम्हाला हे सगळे वेड वाटे. निरुपद्रवी वेड, म्हणून आम्ही चालवून घेत होतो.

तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी लांजेवारजींना ताप आला. आम्ही म्हटले, बाण तर आहेतच, आपण जाऊन येऊ. खैरडोहवरून जंगलात शिरलो आणि बाणाबाणाने निघालो. जरा वेळाने मला वाटले, वाट उतरते आहे. उमाठे म्हणाले, "उतरते तर उतरू द्या, बरंच आहे." शेवटी झाडी संपली आणि आम्ही टेकडीच्या पलीकडच्या मोहपाणी गावाच्या तुरीच्या खळ्यात जाऊन उभे राहिलो. खळ्यावरच्या माणसांनी हातातले काम टाकले आणि ती आमच्याभोवती गोळा झाली. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"आले का मोजणीवाले? खैरडोहवाल्यांनी पाठोलं ना तुमाले इकडं?"

"कसली मोजणी? आम्ही फिरायला आलो आहोत."

"फिराले?" म्हाताऱ्याने उमाठेंना वरपासून खालपर्यंत पाहिले. "ऑफिसातले साहेब लोक रविवारी, आपल्या खर्चानं, एसटीत बसून, दगडावर चढाले येतात? आमाले येडे समजता का जी?"

खरे तर प्रश्न रास्त होता.

हळूहळू उलगडा झाला. पाटबंधारे खात्याचा माणूस दर रविवारी येतो आणि खडकांवर चुन्याच्या खुणा करतो, हे खैरडोहने पाहून ठेवले होते. खुणा कशाच्या ते त्यांना सांगावे लागले नाही. इकडे धरण येणार, आपली वावरे बुडणार. चुना लागला की मागून नोटीस येते, हे शेजारच्या तालुक्यात त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी एका हप्त्यात सगळे बाण पुसले आणि धरण मोहपाणीकडे जावे म्हणून नवे बाण मोहपाणीकडे तोंड करून काढले. मोहपाणीचे लोक, आम्ही उभे असतानाच, ते बाण कुठे वळवावेत यावर बोलू लागले होते. आम्ही हात जोडून निघालो. उमाठेंना त्या दिवशी सांबारवड्याही नव्हत्या.

संध्याकाळी ही हकिकत सांगायला मी शहराच्या महाल भागात लांजेवारजींच्या घरी गेलो. इतकी वर्षे एकत्र काम केले, पण घरी जायची ती पहिलीच वेळ. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे लहानसे अंगण. दार वहिनींनी उघडले. बारीक, गोऱ्या, ओठ जरासे निळसर. दारापर्यंत येण्यानेही त्यांना धाप लागली होती, आणि ती धाप त्या हसून लपवत होत्या. लांजेवारजी आत झोपले होते. मी नाव सांगितले तसे त्या खाली बसल्या आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला.

"उमाठे भाऊजीले आता कुठवर दम नाही लागत?"

"उमाठेंना?" मी म्हटले.

"नाही म्हणजे, वाट कुठवर आली?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मले जिना चढाले मनाई केली हाये. हे म्हणाले, उमाठेले जिथवर दम नाही लागत तिथवर तुले नेता येते. दोघांचा दम सारखाच निघाला." त्या पुन्हा हसल्या. "त्याहीले बिचाऱ्याले माहीत नाही, ते कोणासाठी चालून राहिले."

मग त्यांनी सांगितले. त्यांचे वडील खैरडोहला नाकेदार होते, म्हणजे जंगलाचे रखवालदार. त्यांचे बालपण त्या टेकडीच्या पायथ्याशीच गेले. लहानपणी सांध्यांच्या तापाने त्यांचे हृदय कमजोर झाले. भाऊ रोज टेकडीवर जात. या खाली बसत, भावांच्या चपला सांभाळत, कारण पोरे अनवाणी चढत. सगळ्या जन्मात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, ती टेकडी एकदा चढायची. पाठीवर बसून नाही, डोलीत नाही, स्वतःच्या पायांनी. आणि डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचा भरवसा द्यायला तयार नव्हते.

दोन वर्षे ज्या माणसाला आम्ही वेडा म्हणत होतो, त्याच्याबद्दल मला फार आपुलकी वाटू लागली, आणि तेवढाच रागही आला, की या माणसाने तोंडातून एक अक्षर काढू नये? दुसऱ्या दिवशी मी उमाठेंना सगळे सांगितले. त्या दिवसापासून त्यांनी दम दडपणे बंद केले. उलट जिथे लागत नसे तिथेही ते प्रामाणिकपणे धापा टाकू लागले, आणि लांजेवारजींना उगाच जास्तीचे वळसे घ्यावे लागले.

ताप उतरल्यावर पहिल्या रविवारी लांजेवारजी थेट खैरडोहच्या पारावर गेले. आम्ही मागे होतोच. सरपंच आले, गाव जमले.

"धरण कुठं बांधून राहिले साहेब?" सरपंचांनी विचारले.

"धरण? इथं धरण होऊच शकत नाही."

इथे थांबायला हवे होते. पण मागून कोणी तरी "काहून?" म्हटले, आणि ते लांजेवारजींना पुरले. त्यांनी काठी घेतली आणि धुळीत नाला काढला, टेकडी काढली. पाणी किती येईल, कुठे अडेल, खडकाला भेगा असल्याने कसे झिरपून जाईल, हे सविस्तर समजावून सांगितले. भिंत घालायचीच झाली तर कुठे घालावी लागेल तेही सांगितले, आणि ती जागा का वाईट आहे तेही. गाव एकाग्रतेने ऐकत होते. त्यांचे बोलणे संपल्यावर सरपंच म्हणाले, "म्हंजे सगळं मोजून झालं हाये तर."

गर्दीत कुजबुज वाढली. लांजेवारजी पुन्हा काठी उचलणार, तेवढ्यात मीच बोललो. म्हटले, धरण नाही, कालवा नाही, काही नाही. यांच्या बायकोचे हृदय कमजोर आहे. तिला ही टेकडी चढायची आहे. तिला दम लागू नये अशी वाट हा माणूस दोन वर्षांपासून काढतो आहे.

लांजेवारजींचे कान लाल झाले होते आणि ते धुळीतला नाला पायाने पुसत होते.

"कोण जी थे?" मागून एका म्हातारीने विचारले. "कोन्या गावची?"

"इथलीच," लांजेवारजी खाली पाहूनच म्हणाले. "शेंडे नाकेदाराची पोरगी."

"सुमी?" म्हातारी गर्दीतून पुढे आली. "तापानं खंगली थे सुमी? जिती हाये का वं बाई!" आणि तिने लांजेवारजींच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून बोटे मोडली. पन्नाशीच्या माणसाला जावई म्हणून एवढा मान आम्ही प्रथमच पाहिला.

गाव एकदम बदलले. सरपंच म्हणाले, "एवढ्यासाठी दोन वर्स कायले? चार पोट्टे देतो. खाटेवर टाकू अन् घंटाभरात वर."

"जित्या माणसाले खाटेवर?" लांजेवारजी ओरडले. "अन् चार जणांच्या खांद्यावर?"

सरपंचांनी जीभ चावली. मग ठरले, की फाट्यापासून पायथ्यापर्यंत बैलांची बंडी द्यायची आणि पुढे सुमीने आपल्या पायांनी जायचे. मग पुढचे काही रविवार उमाठेंच्या पाढ्याने वाट माथ्याजवळपर्यंत नेली, आणि गावाने सगळे बाण पुन्हा काढून दिले. पहिल्यापेक्षा दुप्पट मोठे, आणि बायांनी त्यांच्याभोवती रांगोळीचे ठिपकेही दिले. लांजेवारजींनी एकूण एक बाण तपासला. कित्येकांची टोके त्यांना जरा कलती वाटली, आणि ती त्यांनी सुधारली. ठिपके मात्र राहू दिले.

वहिनी आल्या त्या दिवशी ऊन कोवळे होते. त्यांनी हिरवे पातळ नेसले होते आणि पायांत बर्डीवरून आणलेले नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. बूट कोणाला दिसू नयेत म्हणून त्या पातळ सारखे खाली ओढत होत्या. पुढे उमाठे, मागे वहिनी, त्यांच्यामागे लांजेवारजी, मग आम्ही आणि सगळ्यात शेवटी अर्धे खैरडोह. उमाठेंनी पाढा सुरू केला. पहिल्या वळणानंतर वहिनीही त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या. एक जाडा आवाज आणि एक बारीक. बसत, थांबत, पाणी पीत आम्ही चालत होतो. मोर ओरडला की वहिनी थांबून तो कुठे आहे ते दाखवत. सगळ्या शिळांची नावे त्यांना पाठ होती, भावांकडून ऐकलेली, आणि आता त्या एकेकीला हात लावून पाहत होत्या. ही गाढवशिळा, ही जात्याची, ही बसकी म्हातारी.

माथा झाडांतून दिसू लागला होता. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा होता. तिथे वळसा घ्यायला जागाच नव्हती. लांजेवारजींनी दोन वर्षे डोके लढवूनही तिथे वाट सापडली नव्हती. तिथे पोचल्यावर पाहू, असे ते म्हणत. एवढी एक गोष्ट त्यांनी नशिबावर सोडली होती.

कातळाच्या अलीकडे एका जुन्या सालईखाली सपाट खडक आहे. तिथे आल्यावर बारीक आवाज थांबला. उमाठे जरा वेळ एकटेच पाढा म्हणत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आले आणि तेही गप्प झाले.

वहिनी खडकावर बसल्या. छातीवर हात होता. "झालं जी माझं," त्या म्हणाल्या.

"थोडंसंच राहिलं," मागून कोणी तरी म्हणाले.

ते थोडे म्हणजे किती, हे लांजेवारजींइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी वर पाहिले. मग वहिनींकडे पाहिले. त्यांच्या ओठांवरची निळी छटा वाढली होती. लांजेवारजींनी खिशातून डबी काढली आणि गुडघ्यावर बसून त्या खडकाच्या कडेला बोटाने ठळक अक्षरांत लिहिले, 'टेल'. कालव्याच्या नकाशात कालवा जिथे संपतो तिथे आम्ही लोक तसे लिहितो.

"इथंच संपते वाट," ते म्हणाले.

"वर हाये ना पण?"

"थे वर वेगळं हाये. वाट इथवरच होती."

हे खोटे नव्हते. त्यापुढे एकही बाण नव्हता. मला भरून आले, ते सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही. उमाठे तर उघडउघड नाक पुसत होते. मग डबा उघडला. त्या दिवशी सांबारवड्या गावातल्या बायांनी केल्या होत्या, आणि त्या वहिनींच्या हातच्यासारख्या झाल्या नाहीत, हे लांजेवारजींनी त्या बायांना तिथल्या तिथे सांगितले.

डॉक्टरांचा अंदाज मात्र चुकला. पुढचा हिवाळा आला, त्याच्या पुढचाही आला, आणि वहिनी होत्या. लांजेवारजी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना त्यांची चूक दाखवून आले. आता दर हिवाळ्यात एकदा वहिनींना टेलपर्यंत न्यायचे, अशी रीत पडली. आम्ही इतर रविवारी जात असू तेव्हाही टेलवरूनच परतायचे, हा लांजेवारजींचा नियम होता. नवा कोणी म्हणाला, "माथा तर तो काय, दिसतो आहे," तर ते त्याला टेल दाखवत. "इथं संपते." आणि ते स्वतः कधी कातळाकडे पाऊलही टाकत नसत.

मग माझी अमरावतीला बदली झाली. जाण्याआधीच्या रविवारी शिवरात्र जवळ आली होती, ऊन जरा चटकायला लागले होते, आणि वहिनीही बरोबर होत्या. सालईखाली सगळे टेकले. मी म्हटले, "लांजेवारजी, आता परत कधी येणं होईल कोण जाणे. एकदा वर जाऊन येऊ का?"

"जा," ते म्हणाले. "पण तिकडं बाण नाहीत."

मी हातापायांवर कातळ चढून गेलो. वर वारा होता. एका बाजूला तलाव चमकत होता, खाली मोहपाणीची कौले, काटोल रस्त्यावरून जाणारी एसटी लहानशी. नागपूरच्या बाजूला मात्र दुसऱ्या टेकडीची धार आडवी येत होती. शहर तिच्यामागे पुरते झाकलेले, नुसता धूर दिसत होता. मी खाली उतरलो.

वहिनींनी मला जवळ बसवून घेतले. "तुम्ही गेले ते बरं झालं भाऊजी. हे जात नाहीत. दर वर्सी म्हणून राहिली मी, मी बसते इथं, तुम्ही जा, पाहून या. नाहीच म्हणतात." मग खालच्या आवाजात, "सांगा ना. काय दिसते?"

मी तलाव सांगितला, कौले सांगितली, एसटी सांगितली. त्या वर, कातळाकडे पाहत ऐकत होत्या. लांजेवारजी बाजूला पाठमोरे बसून टेलची अक्षरे नव्या चुन्याने गिरवत होते.

"आपलं घर दिसते का हो?" वहिनींनी विचारले.

मी लांजेवारजींच्या पाठीकडे पाहिले. या टेकड्यांचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. ती आडवी धार माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होती. मी म्हणालो, "दिसतं वहिनी."

चुन्याचे बोट थांबले. आता मान वर होणार आणि दुरुस्ती येणार, म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"म्हंजे माझ्या मिरच्या दिसत असतील," वहिनी म्हणाल्या. "भिवापूरच्या आणल्या ना औंदा. सकाळी अंगणात वाळत टाकून आली मी."

लांजेवारजींनी मान वर केली नाही.

"लाल दिसते थोडंसं," ते म्हणाले.

"थोडंसंच दिसन," वहिनी म्हणाल्या. "लांब हाये."